पुडीवरचे चित्र काय शिकवत नाही?

तंबाखूच्या पुडीवरील चित्राला आपण शैक्षणिक साहित्य म्हणत नाही. परंतु मुखकर्करोगाविषयी विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर, पानटपरीपासून बसस्थानकापर्यंत, वारंवार येते ते हेच चित्र. तेव्हा पाठ्यपुस्तकातील आकृती आपण ज्या कसोटीवर तपासतो, तीच कसोटी या चित्रालाही लावावी असे आम्हांला वाटते.

आपल्याकडे सचित्र इशारे ३१ मे २००९ पासून सक्तीचे झाले. चघळण्याच्या तंबाखूवर तेव्हा विंचू असे. विंचवाचा तोंडाच्या रोगाशी संबंध पाहणाऱ्यानेच लावायचा होता. डिसेंबर २०११ पासून विंचू गेला आणि कर्करोगग्रस्त तोंडाची छायाचित्रे आली. १ एप्रिल २०१६ पासून ती वेष्टनाचा ८५ टक्के भाग व्यापू लागली. ही निश्चितच प्रगती होय. चित्र खरे आहे, निरक्षरालाही समजते आणि व्यसनापासून परावृत्त करण्याच्या कामी ते योग्य आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. या चित्रात रोगाची अखेरची अवस्था दिसते. ते पाहिलेला मुलगा आजोबांच्या तोंडाकडे पाहतो. तसा भयंकर व्रण तेथे नसतो. म्हणजे आजोबा ठीक आहेत, असा निष्कर्ष तो काढतो. वेष्टनावर पुढे वेदनादायक मृत्यूचा इशाराही छापला गेला. शेवटाविषयी तो खराच आहे. सुरुवात मात्र बहुधा वेदनेशिवाय होते, आणि नेमकी हीच गोष्ट पुडीवर कोठेही नाही.

सुरुवातीच्या खुणा अगदी साध्या असतात. गालाच्या आत, जिभेच्या कडेला किंवा तंबाखू धरण्याच्या जागी पुसून न जाणारा पांढरा चट्टा. मखमलीसारखा लाल चट्टा, जो पांढऱ्यापेक्षा अधिक धोक्याचा. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण. हाताला लागणारी गाठ. कारणाशिवाय हलू लागलेला दात. गिळताना होणारा त्रास. प्रत्येक चट्टा कर्करोग नसतो, किंबहुना बहुतेक नसतात. पण तो कोणता आहे हे नुसत्या नजरेने ठरत नाही. त्यासाठी डॉक्टरांना दाखवावे लागते आणि गरज वाटल्यास ते तुकडा काढून तपासतात.

चित्राची दुसरी उणीव सुपारीसंबंधी आहे. तंबाखू नसलेल्या सुगंधी सुपारीच्या पुडीवर हे चित्र नसते, त्यामुळे ती निरुपद्रवी वाटते. वस्तुतः सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात स्पष्ट केले आहे. सुपारीतील अॅरेकोलीनमुळे तोंडाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू जास्त तयार होतात. तिच्यातील तांबे, हे तंतू एकमेकांना जखडणाऱ्या विकराला चालना देते. अस्तर ताठर व फिकट होते, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये मावत नसतील, तर तपासणी करून घेणे योग्य. ही अवस्था कर्करोग नव्हे, पण तिच्यातून तो उद्भवू शकतो.

तिसरी उणीव म्हणजे घरी भाजलेल्या मशेरीच्या डबीवर कोणतेच चित्र नसते. ती दातांना लावणाऱ्या आई-आजीपर्यंत हा इशारा पोहोचतच नाही.

लवकर पाहण्याचा खरोखर उपयोग होतो काय? केरळात तिरुअनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी लोकांची तोंडे नुसत्या डोळ्यांनी तपासली आणि संशयितांना डॉक्टरांकडे पाठवले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये मुखकर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत ३४ टक्क्यांनी कमी झाले. महागडी यंत्रे नव्हती. काय पाहायचे याचे ज्ञान मात्र होते.

पुडीवरील चित्र बदलणे शिक्षकांच्या हाती नाही. त्याला पूरक पाठ देणे आहे. विद्यार्थ्यांची तोंडे वर्गात तपासू नयेत. त्यातून चेष्टा आणि भीतीच वाढेल. फळ्यावर तोंडाची साधी आकृती काढून वरील खुणा कोठे शोधायच्या हे दाखवावे, आणि आरशासमोर, उजेडात, महिन्यातून एकदा पाहण्याची सवय घरातील मोठ्या माणसांना लावण्याचे काम मुलांवर सोपवावे. ‘दुखत नाही ना, मग कशाला डॉक्टर?’ असे घरी कोणी म्हणाले, तर त्याला काय उत्तर द्यायचे हेही मुलांना त्याच तासाला सांगावे.