मांडव्याचे प्रायश्चित्त

१९९० सालचा ‘अग्निपथ’ मी प्रथम पाहिला तो खालापूर तालुक्यातील आमच्या बौद्धवाडीत, भाड्याने आणलेल्या व्हिडिओवर. शेजारच्या कातकरवाडीतले, वीटभट्टीवर राबणारे तरुणही येऊन बसले होते. विजय दीनानाथ चौहान आईच्या कुशीत प्राण सोडतो तेव्हा सारे गप्प झाले. मग त्यांतला एक म्हणाला, “पण मास्तरला मारणारं गाव कुठं गेलं?” अलीकडे कर्जतला मुलीकडे चित्रपट पुन्हा पाहिला. प्रश्न तसाच उभा होता.

मुकुल आनंद यांच्या या चित्रपटातल्या गावाचे नाव मांडवा, म्हणजे आमच्याच रायगड जिल्ह्यातले, अलिबागच्या किनाऱ्यावरचे. तिथल्या सज्जन मास्तरावर बदचालीचा आळ घेतला जातो आणि खवळलेला जमाव त्याला ठार करतो. मुलगा मुंबईत गुंड होतो, सूड उगवतो आणि रक्त सांडून पापमुक्त होतो. अमिताभ बच्चन यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. जेवणापूर्वी मुलाला हात धुवायला सांगणारी रोहिणी हट्टंगडी यांची आईही विसरता येत नाही. तिला मुलाच्या हाताचे रक्त दिसते. गावाच्या हातांना मात्र कोणी पाणी देत नाही. सूडाची सारी रेघ दिनकरराव आणि कांचा चिना या दोघांपाशी संपते. गाव भोळे, फसवले गेलेले, म्हणून सुटते.

गाव असे अफवेने फसते काय? याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आमच्या माणसांनी प्राशन केले. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी अफवा उठली आणि परिषदेला आलेल्यांवर लाठ्या पडल्या. अफवा ही केवळ ठिणगी होती. सरपण पिढ्यान्‌पिढ्या रचलेले होते. मार खाणाऱ्यांत पलटणीत राहिलेले, प्रतिकाराची ताकद असलेले लोक होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. ते भ्याडपण नव्हते. गुन्हा गावाचा होता आणि तो चव्हाट्यावर व न्यायासनापुढे न्यायचा होता. तळ्याचा दावा १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. दहा वर्षांची ही चिकाटी पडद्यावर दाखवायला कठीण. एका नायकाचे मरण सोपे असते.

प्रस्थापित चित्रपटाचा नायक आधी गुन्हा करतो, मग समाज त्याच्यासाठी रडतो. आमच्याकडे क्रम उलटा आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी चोरी झाली की बोट आधी वाडीकडे वळते. ज्याने गुन्हा केलाच नाही, त्याने कशापासून मुक्त व्हायचे? लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने १९८७ मध्ये हे जगणे आतून सांगितले. त्यानंतर तीनच वर्षांनी आलेल्या ‘अग्निपथ’ला त्याची जाणीवही नाही. २०१२ मध्ये चित्रपट नव्याने काढला गेला, पण प्रायश्चित्त पुन्हा विजयच्याच वाट्याला आले.

पुढे कोणी मांडव्याची गोष्ट सांगणार असेल, तर त्याने कॅमेरा त्या जमावावर थोडा अधिक वेळ रोखावा. त्यातला प्रत्येक चेहरा ओळखू यावा. आमच्या वाडीतला तो तरुण तेवढेच विचारत होता.