चाकाच्या एका फेरीत चार

न्यू जर्सीत दादाच्या घराच्या तळघरात न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेच्या हडसन या वाफेच्या इंजिनाचं मॉडेल धावतं. मूळ इंजिनाच्या 48 पट लहान, तीन रुळांवरचं, उचलायला दोन्ही हात लागतात इतकं भरीव. यंदा गेलो तेव्हा दादा म्हणाला, "धूर मंदावलाय रे. धुराचं तेल घालतोय, घालतोय, पण काही फरक पडत नाही."

मी त्याला तळघरातले दिवे मालवायला सांगितले, धुराड्याच्या मागून टॉर्च धरला आणि गाडी अगदी हळू सोडायला लावली. मॉडेलचा धूर बघायचा तर असाच, मागून उजेड देऊन. समोरच्या उजेडात तो नुसता पांढुरका दिसतो. मागून उजेड आला की त्याच्या कडा दिसतात, वळणं दिसतात, मधल्या मोकळ्या जागा दिसतात. दादाच्या हडसनच्या धुरात मोकळ्या जागाच नव्हत्या. उदबत्तीसारखी एक बारीक, सलग रेघ वर जात होती. चाकं फिरत होती आणि धुराला त्याचा पत्ताच नव्हता.

धूर कमी होता, हे खरं. पण मला जास्त लागलं ते त्याचं सलग असणं. वाफेच्या इंजिनाचा धूर म्हणजे त्याचा श्वास. हडसनला दोन सिलिंडर, आणि प्रत्येकात वाफ दट्ट्याला आळीपाळीनं दोन्ही बाजूंनी ढकलते. म्हणून चाकाच्या एका फेरीत वाफ चारदा बाहेर पडते. ती थेट धुराड्याखालच्या पेटीत सुटते आणि वर जाताना भट्टीतली हवा ओढून घेते, म्हणजे इंजिन जितकं राबेल तितका जाळ आपोआप फुलतो. त्या भपक्यात जे पांढरं दिसतं, ती थंड हवेत बारीक थेंबांची झालेली वाफ असते. हडसनची मोठी चाकं 79 इंच व्यासाची. ताशी 60 मैलांच्या वेगाला ती सेकंदाला चारहून अधिक फेऱ्या घेतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 उच्छ्वास. कानाला ती एकच घरघर, डोळ्याला एकच पट्टा. चार वेगळे श्वास मोजता येतात ते गाडी स्टेशनातून निघताना, पहिल्या काही फेऱ्यांत. म्हणून मॉडेलची परीक्षाही तिथेच, सुटण्याच्या क्षणाला.

हे खेळण्यात उतरवायला माणसांनी काय खटपट केली आहे! 1946 साली लायनेल कंपनीनं धुराची इंजिनं बाजारात आणली, तेव्हा धूर निघायचा तो दिव्यातून. बल्बच्या काचेला वरून एक खळगा, त्यात अमोनियम नायट्रेट, बल्ब तापला की धूर. एका वर्षात हा बल्ब बाद झाला. 1947 मध्ये त्याच कंपनीनं दिलेली रचना मात्र मला आजही या कलेतला सर्वांत सुंदर तुकडा वाटते. धुराड्याखाली एक लहान कोठी, तिच्यात नायक्रोमची तापणारी तार. शेजारी एक नळकांडं, त्यात दट्ट्या, आणि दट्ट्याची दांडी इंजिनाच्या चालीलाच जोडलेली. चाक फिरलं की दट्ट्या वरखाली होतो आणि नळकांडं आणि कोठी यांच्यामधल्या बारीक भोकातून हवा ढकलतो. वर धुराची गोळी वितळत असते, त्या वाफेला हवेचा धक्का बसतो आणि भपका उडतो. लोहाराचा भाताच तो, फक्त अंगठ्याएवढा. इलेक्ट्रॉनिक्स काही नाही. चाक हळू तर श्वास हळू, चाक थांबलं तर श्वास थांबला. न्यू जर्सीतल्याच अर्व्हिंग्टनच्या कारखान्यात अशी इंजिनं तयार होत होती. त्यातली कितीतरी आजही चालतात, आणि मंदावलीच तर बहुधा ते एक भोक गोळीच्या मेणचट गाळानं बुजलेलं असतं. बारीक तार फिरवली की मोकळं. जर्मन झॉयथे कंपनीच्या धूर करणाऱ्या छोट्या नळ्यांचंही तसंच, तेल जास्त झालं की त्या बुडतात. जादा तेल कागदानं टिपून घ्यायचं, मधली बारीक नळी साफ करायची.

दादाचं इंजिन नव्या जातीचं. त्यात दट्ट्याऐवजी पंखा आहे, आणि एका फेरीत चारदा त्याला झटका व ब्रेक देण्याचं काम सर्किट करतं. खालचं गरम करणं मात्र तेच जुनं. तेल तापतं, त्याची वाफ होते, ती थंड हवेत बारीक थेंबांची होऊन दिसते. जळत काहीच नाही. अस्सल इंजिनाच्या पांढऱ्या भपक्याशी त्याचं नातं आपण समजतो त्याहून जवळचं आहे.

दादानं वरचं कवच काढून दिलं. आधी उष्णता तपासली. या धुराच्या युनिटमध्ये तेल तापवणारे 16 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडलेले असतात, दोघांचे मिळून 8. एक जळला तर मीटर 16 दाखवतो आणि उष्णता बरोबर निम्मी होते. धूर पूर्ण बंद न होता नुसता अर्ध्यावर येण्याचं हे नेहमीचं कारण. मीटरवर आकडा आला 8.1. म्हणजे आग शाबूत. (ज्या जुन्या इंजिनांत धुराला रुळांमधूनच वीज मिळते, तिथं आधी व्होल्टेज बघावं. 18 च्या जागी 14 मिळाले तरी उष्णता चाळीस टक्क्यांनी घटते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात चालते.)

मग झाकण उघडलं, आणि सगळं समोर आलं. आत वात असते, काचतंतूंची, तेल धरून ठेवणारी. तिच्या वरच्या अंगाला काळी, कडक काजळी धरली होती, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. खालचं अंग तेलात थबथबलेलं. ज्यानं रोज समई लावली आहे त्याला हे दृश्य समजावून सांगायला नको. आई तिन्हीसांजेला वातीची काजळी झाडायची आणि तेल वातीच्या तोंडापर्यंत चढू द्यायची नाही. इथे आणखी एक घोटाळा झाला होता. भिजून जड झालेली वात सरकून पंख्याकडून येणाऱ्या हवेच्या भोकावर बसली होती, आणि जादा तेल त्याच भोकातून पंख्याच्या कोठीत उतरलं होतं. पाती तेलात फिरत होती. त्यांना झटका लागेना, ब्रेक लागेना. दादा धूर वाढावा म्हणून जे ओतत होता, तेच श्वासाला अडवत होतं.

जुनी वात चिमट्यानं काढली. कापसाच्या बोळ्यांनी दोन्ही कोठ्या कोरड्या केल्या, रेझिस्टरवरची काजळी हलक्या हातानं खरवडली. नवी वात काचतंतूंचीच घातली. कापूस इथं चालत नाही, करपतो. ती रेझिस्टरना लागून राहील आणि भोक पूर्ण मोकळं राहील, अशी बसवण्यात दहा मिनिटं गेली. साऱ्या दुरुस्तीतलं नाजूक काम तेवढंच. पंख्याच्या दांड्याला सुईच्या टोकावर मावेल एवढं वंगण दिलं. मग कोरड्या वातीला धुराचं तेल, थेंब मोजून अठरा. (जुन्या इंजिनांतल्या काही वाती आणि अस्तरं अ‍ॅस्बेस्टॉसची आहेत. ती कोरडी खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका.)

पुन्हा दिवे मालवले, मागून टॉर्च धरला. पहिलं अर्धं मिनिट काही नाही, वात तापत होती. दादानं गाडी सोडली. पहिला भपका गुबगुबीत, वर जाऊन उलगडणारा. मग स्वच्छ मोकळी फट. मग दुसरा. फटींतून मागच्या भिंतीची वीट दिसत होती. तिसऱ्याला दादा पुढं झुकला, चौथ्याला चाकाची दांडी निघाल्या जागी परत आली.

तुमच्याकडे असं इंजिन असेल आणि धूर मंदावला असेल, तर तेलाची बाटली उघडण्याआधी दिवे मालवा, मागून उजेड धरा, चाक एकदाच फिरू द्या आणि मोजा.