आर्केडचे स्मरणरंजन : खेळ आणि साक्षीदार

नाणे टाकून खेळावयाच्या व्हिडिओ खेळांची सार्वजनिक गृहे, म्हणजेच आर्केड, यांचा सुवर्णकाळ सामान्यतः १९७८ मधील ‘स्पेस इन्व्हेडर्स’पासून पुढील पाचसहा वर्षांचा मानला जातो. त्या काळाविषयीची हुरहूर पुढे अनेक कलाकृतींचा विषय झाली. तथापि ही हुरहूर नेमकी कशाची, याची चिकित्सा क्वचितच होते. खेळच लोप पावले असे म्हणावे, तर १९९७ मध्ये निर्माण झालेल्या ‘मेम’ या संगणकीय आज्ञावलीमुळे त्या काळचे असंख्य खेळ घरबसल्या खेळता येतात. तेव्हा हरपलेली वस्तू खेळाहून वेगळी असली पाहिजे. अमेरिकेतील दोन चित्रपटांच्या तुलनेतून तिचा शोध घेता येईल.

सेथ गॉर्डन यांच्या ‘द किंग ऑफ काँग’ (२००७) या अनुबोधपटाचा नायक स्टीव्ह वीबी हा शिक्षक आहे. ‘डाँकी काँग’ (१९८१) या खेळाचे यंत्र त्याच्या गॅरेजमध्येच आहे. तेथे त्याने मिळविलेले १० लाखांहून अधिक गुण चित्रफितीवर असूनही संशयास्पद ठरतात, आणि ते सिद्ध करण्यासाठी त्याला न्यू हॅम्पशरमधील ‘फनस्पॉट’ या आर्केडमध्ये जाऊन चारचौघांसमक्ष खेळावे लागते. यंत्र तेच, खेळ तोच. भर पडते ती केवळ पाहणाऱ्यांची. खेळाच्या २२ व्या पातळीवर गणिती दोषामुळे वेळ अकाली संपून नायकाचा मृत्यू अटळ होतो. ते अखेरचे दृश्य पाहण्यासाठी लोक यंत्राभोवती गोळा होतात. या प्रसंगात आर्केडचे मर्म प्रकट होते. आर्केड ही साक्षीची संस्था होती. किंबहुना, प्रतिस्पर्धी बिली मिचेल स्वतः न येता फीत पाठवितो व ती मात्र ग्राह्य धरली जाते, हे दाखवून चित्रपट त्या संस्थेचा ऱ्हासही नोंदवितो. त्याचे स्मरणरंजन भाबडे नाही ते यामुळेच.

रिच मूर यांच्या ‘रेक-इट राल्फ’ (२०१२) या ॲनिमेशनपटाची कल्पकता मोठी आहे. परंतु त्याची दृष्टी निराळी आहे. येथे आर्केड बंद झाल्यावर खेळांतील पात्रे विजेच्या तारांतून एकमेकांना भेटावयास जातात. म्हणजे ज्या सहवासासाठी मन झुरते, तो खेळणाऱ्यांकडून काढून पात्रांना बहाल केला आहे. मुले यंत्रापाशी येतात, पण कथा त्यांची नव्हे. बिघडलेले यंत्र काढून टाकले जाईल, ही पात्रांची धास्ती तेवढी व्यवहाराचे भान राखते. एरवी नाण्याची किंमत येथे जाणवत नाही. वस्तुतः खेळ लवकर संपावा व पुढचे नाणे पडावे, या हिशेबानेच त्या यंत्रांची काठिण्यपातळी ठरे. ज्याच्यापाशी नाणे नसे, त्याच्या वाट्याला निव्वळ पाहणे येई.

या सहवासाला समकालीन समाज भीतही होता, हे विसरता कामा नये. टेक्ससमधील मेस्किट शहराने १७ वर्षांखालील मुलांना पालकांवाचून अशी यंत्रे खेळण्यास मनाई केली होती, आणि तो वाद १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विचारात घेतला. वडीलधाऱ्यांच्या नजरेआड अनोळखी मुलांनी एकत्र जमावे, हीच त्या भीतीमागील गोष्ट होय. आणि आज आठवण निघते तीही तिचीच. एका पिढीने जो दोष मानला, तोच पुढे गुण ठरला.

यावरून अभ्यासकांनी घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. आज्ञावली जतन केल्याने खेळ टिकतो, आर्केड टिकत नाही. पाळी कशी ठरे, मागे उभा राहणारा काय बोले, हरलेला जागा कशी सोडी, हे कोणत्याही यंत्रात नोंदलेले नाही. ते त्या काळच्या माणसांच्या आठवणीत आहे. ती माणसे आहेत तोवर त्यांच्या साक्षी नोंदवून घेणे हे संशोधनाचे काम आहे. केवळ हळहळ व्यक्त करून ते साधणार नाही.