एकास बहात्तर

लोक पुस्तकांवर परीक्षणं लिहितात, नाटकांवर लिहितात, हल्ली तर मिसळीवरही लिहितात. मी प्लॅस्टिकच्या विमानांवर लिहितो. म्हणजे जोडायच्या विमानाचं नवीन किट बाजारात आलं, की ते खऱ्या विमानाबरहुकूम आहे की नाही हे तपासतो आणि चार समानधर्मी माणसांना कळवतो. ही चार माणसं चार शहरांत राहतात आणि चौघांचंही माझ्याशी पटत नाही. त्यामुळे समीक्षेचं वातावरण अगदी निकोप आहे.

आमच्या घरी या शास्त्राला 'खेळ' म्हणतात. सौ.चं मत असं, की खेळणं ते खेळणं, त्यात बरोबर काय नि चूक काय? मी तिला म्हटलं, "उद्या गणपतीची मूर्ती आणली आणि सोंड आखूड निघाली, तर चालेल तुला?"

"न चालायला काय झालं?" ती म्हणाली. "खरा गणपती तुम्ही मोजलाय?"

तिने हे भाजी निवडता निवडता विचारलं आणि पुन्हा भाजीत शिरली. पण आमच्या सगळ्या समीक्षेची मेख नेमकी तिथेच आहे. खरं विमान मोजलंय कुणी?

आता हिशेब सांगतो. छोट्या विमानांचं रूढ प्रमाण म्हणजे एकास बहात्तर. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे आपला एक इंच. इंग्लंडात 1936 साली 'फ्रॉग' नावाच्या कंपनीने या मापाची किटं काढली, आणि ते माप पुढे जगभर चिकटलं ते चिकटलंच. सुरुवातीच्या स्पिटफायरच्या पंखांचा पल्ला 36 फूट 10 इंच. भागिले बहात्तर, म्हणजे 156 मिलिमीटर. डबा उघडायचा, पंख जुळवायचे, व्हर्निअर कॅलिपर लावायचा. 156 भरले, की परीक्षक 'अचूक' असा शेरा मारून चहाला उठतो.

हा परीक्षक मला पत्रिका जुळवणाऱ्या गुरुजींसारखा वाटतो. छत्तीसपैकी तीस गुण जमले, म्हणजे संसार सुखाचा! अहो, स्पिटफायर म्हणजे काय नुसता पल्ला आहे? तिचा पंख लंबवर्तुळाकार, पुढून मागून सारखा वळत जाणारा. तो धडाला मिळतो तिथे, मागच्या काठाला, समुद्रपक्ष्याच्या पंखासारखा एक हलका बाक असतो. शिवाय पंखाला मुळापासून टोकापर्यंत किंचित पीळ आहे. हे कॅलिपरला दिसत नाही. पल्ला 156 भरतो, लांबी 127 भरते, आणि तरीही विमान टेबलावर ठेवलं, की ते स्पिटफायर न वाटता स्पिटफायरचं चुलत भावंड वाटतं. नाक तेच, आडनाव तेच, पण घराण्याचा बाक नाही.

दुसरा प्रकार रिबिटं मोजणाऱ्यांचा. हे लोक पत्र्याच्या सांध्यांवर प्रबंध लिहितात. पूर्वीच्या किटांवर हे सांधे उठावाच्या रेघांनी दाखवत. ते चूक, म्हणून ओरड झाली. मग कंपन्या रेघा खोदू लागल्या. आता रेघ कुठून कुठे जाते यावर हाणामारी चालते, पण ती किती रुंद आहे हे कुणी विचारत नाही. पाव मिलिमीटरची रेघ नाजूक दिसते ना? तिला बहात्तरने गुणा. अठरा मिलिमीटर! पत्र्यापत्र्यांत अंगठा जाईल एवढी फट ठेवून खरं विमान बांधलं असतं, तर वैमानिक छत्री घेऊनच बसला असता, आणि तीही हवाई छत्री नव्हे, साधी पावसाची. पण 'रेघा सुंदर खोदल्या आहेत' हे वाक्य मी परीक्षणांत इतक्या वेळा वाचलंय, की ते डब्यावर छापूनच येत असावं.

बरं, ही मंडळी मापं ताडून बघतात ती कशाशी? नकाशाशी. नकाशा कुणाचा? कुठल्या तरी जुन्या मासिकातला. त्याने तो कशावरून काढला? त्याच्याहून जुन्या नकाशावरून. आमच्याकडे पाककृतींच्या वहीत कुणीतरी 'हिंग एक चमचा' असं लिहून ठेवलं, की तीन पिढ्या एक चमचा हिंग खातात, तसा हा प्रकार. त्यातून तो नकाशा झेरॉक्स काढलेला. झेरॉक्स शेकड्याला एक जरी ताणला गेला, तरी स्पिटफायरच्या पंखात दीड मिलिमीटरचा फरक पडतो. आणि परीक्षकाचा आरोप कितीचा? 'पंख दीड मिलिमीटर आखूड!'

हल्ली काही कंपन्या संग्रहालयात जाऊन प्रत्यक्ष विमानावर लेझर फिरवून मापं घेतात. हे उत्तमच. पण संग्रहालयातलं विमान म्हणजे तरी काय? पन्नास-साठ वर्षं ज्याचे दात बदलले, गुडघे बदलले, केस रंगवले, असं ते म्हातारं. एका विमानाचं धड, दुसऱ्याची शेपटी, टायर दबलेले आणि रंग हाती लागला तो. तरीही कागदापेक्षा ते बरं. निदान ते एकदा उडालं तरी होतं.

जे उडालंच नाही त्याचीही कथा आहे. 1986 साली अमेरिकेत 'टेस्टर्स' कंपनीने एफ-19 नावाच्या गुप्त विमानाचं किट काढलं. रडारला न दिसणारं विमान अमेरिकेकडे आहे अशी कुजबुज होती. ते कसं दिसतं हे सांगायला कुणी तयार नव्हतं. कंपनीने अंदाजाने गोल गोल, गुळगुळीत, देखणं विमान बनवलं. किट धो धो खपलं. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत गेलं, की जे आम्हाला दाखवत नाही ते दुकानात कसं मिळतं? मग नोव्हेंबर 1988 मध्ये सरकारने खरं विमान जाहीर केलं. नाव एफ-117 आणि रूप हिऱ्याला पाडावेत तसे सपाट पैलू पाडलेलं, गोलाई औषधालासुद्धा नाही. मधल्या दोन वर्षांत त्या किटला कॅलिपर लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सौ.चा गणपती तो हाच. तिला मी ही हकीकत सांगितली नाही. घरात काही युद्धं न लढलेलीच बरी.

आमच्यातला दुसरा पक्ष मात्र यावरून भलताच निष्कर्ष काढतो. त्यांचं म्हणणं, मापं जाऊ द्या हो, 'दिसायला स्पिटफायर दिसते ना, मग झालं!' हा उदारमतवाद मला कॅलिपरवाल्यांपेक्षा जास्त धोक्याचा वाटतो. 1950च्या दशकात एअरफिक्सने आपलं पहिलं स्पिटफायर काढलं. किंमत दोन शिलिंग. दिसायला तीही स्पिटफायरच होती, म्हणजे शेजारी खरी उभी नसेल तोवर. आज ती जाणकारांत ओळखली जाते ती अंगावरच्या बी-टी-के या अक्षरांवरून आणि बेढबपणावरून. दोन शिलिंगांत काय सोंड मोजायची, हे मान्य. पण आज एका मोठ्या किटच्या किमतीत घरात महिन्याचा किराणा येतो. त्या भावात 'दिसायला बरी' हे उत्तर मी भाजीवाल्याकडूनही ऐकून घेत नाही.

आणि ओरडण्याचा उपयोग होतो! चेक कंपनी एदुआर्दने 2014 साली मेसरश्मिट 109 जी-6 काढलं, एकास अठ्ठेचाळीसच्या मापात. कारागिरी देखणी, पण मापाने विमान जरा थोराड निघालं. लोकांनी मोजलं, बोंब मारली. कंपनीने चूक मान्य केली आणि 2016 मध्ये नव्या साच्यातून नवं विमान आणलं. पोलादी साचा पुन्हा घडवणं म्हणजे काय खर्च असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो अशा कंपनीला टोपी काढून नमस्कार करील.

माझी स्वतःची कसोटी साधी आहे. पहिला प्रश्न परीक्षकाला: बाबा रे, तू कशाशी ताडून पाहिलंस? नकाशाशी, फोटोशी, की विमानाशी? हे न सांगता 'नाक दोन मिलिमीटर लांब' म्हणणाऱ्याचं मी पुढे वाचत नाही. दुसरा प्रश्न किटला: यात माझ्या हातून दुरुस्त होईल असं काय आहे? खोल रेघ पुट्टीने भरता येते. जाड काठ पॉलिश पेपरने घासता येतो. चाकं दुसरी मिळतात. पण वैमानिकाच्या डोक्यावरचं काचेचं झाकण चुकलं, तर तिथे पुट्टी चालत नाही. नाकाचा उतार चुकला, तर त्यापुढे विमान संपलं. माणसाला आपण ओळखतो ते चेहऱ्यावरून, पायाच्या नंबरावरून नव्हे. म्हणून मी आधी झाकण बघतो, मग नाक, मग पंख धडाला मिळतो ती जागा. रिबिटं शेवटी, दिवे लागल्यावर.

स्पिटफायर चुकली तर बिघडत नाही. एकाने बिघडवली तर दहाजण पुन्हा काढतात. पण गरिबाघरच्या विमानांचं तसं नाही. त्यांचं किट जन्मात एकदा निघतं, आणि ते चुकलं की इतर कंपन्या म्हणतात, 'निघालंय की एक!' आपल्या नॅटचंच बघा. 14 डिसेंबर 1971 ला निर्मलजित सिंग सेखों श्रीनगरच्या आभाळात ज्यातून लढले, तो नॅट एकासनी. दुकानात वर्षानुवर्षं मिळे तो दोन आसनांचा, इंग्रजांचा शिकाऊ नॅट, लाल रंगात कसरती करणारा. 'नॅट तो नॅट' म्हणणाऱ्यांना सांगतो: शिकाऊ नॅटचा पल्ला 7.32 मीटर, लढाऊ नॅटचा 6.73. फरक दोन फुटांचा. किटमध्ये आठ मिलिमीटर, शिवाय लांबलेलं धड आणि जास्तीचा एक मास्तर. शिकाऊला लढाऊ करायला करवत घ्यावी लागते. पुढे एकासनी नॅटही निघाला, पण तोवर कित्येकांच्या कपाटात भारतीय रंगातला मास्तरसकट नॅट उभा राहून गेला होता.

आणि मरुत? 17 जून 1961 ला बंगलोरला उडालेलं, आपल्याकडे बांधलेलं जेट लढाऊ विमान. त्याचा आराखडा केला कुर्ट टँक यांनी, म्हणजे ज्यांनी जर्मनीत फॉक-वुल्फ 190 केलं त्यांनीच. गृहस्थ एकच, पण त्यांच्या फॉक-वुल्फची किटं इतकी, की दुकानाचं एक फळकूट भरावं. आणि नामांकित कंपनीचा धड एक मरुत माझ्या पाहण्यात नाही. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात एक मरुत उभा आहे. शाळेच्या सहली त्याच्या पंखाखाली डबे खातात. त्याला बाजूने पाहा: कमरेत बारीक झालेलं धड, दोन्ही कुशींना हवा घेणाऱ्या तोंडांत बसवलेले अर्धे शंकू, आणि झाकणापासून पुढे उतरत जाणारं ते लांब नाक. हे नकाशावरून कळत नाही, उन्हात त्याच्याभोवती फिरावं लागतं.

तेव्हा कुणा कंपनीच्या मनात मरुत असेल, तर माझी आगाऊ समीक्षा कळवून ठेवतो. पल्ला 9 मीटर, म्हणजे बहात्तराच्या हिशेबाने 125 मिलिमीटर. एखादा इकडेतिकडे झाला तर मी कॅलिपर काढणार नाही. रेघा हव्या तशा खोदा. रंगाचा कागद चुकीचा छापा. फक्त येण्यापूर्वी वरळीला एक फेरी मारा, आणि कमरेचा बाक नि नाकाचा उतार तेवढा जमवा. बाकीचं आम्ही कानशीने बघून घेऊ.