देकार्तची तक्रार आणि तत्त्वज्ञानाचा वर्ग

रने देकार्तच्या 'डिस्कोर्स ऑन मेथड' (१६३७) या ग्रंथाच्या पहिल्या भागात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याची निराशा स्पष्टपणे व्यक्त झाली आहे. ला फ्लेश येथील जेझुइट महाविद्यालयात तर्कशास्त्र, निसर्गविज्ञान व सत्ताशास्त्र यांचे अध्यापन मुख्यतः अ‍ॅरिस्टॉटलच्या आधारे होत असे. शतकानुशतके श्रेष्ठ बुद्धिमंतांनी जोपासूनही या विषयात वादातीत असे काहीच नाही, ही देकार्तची मुख्य तक्रार होय. कोणत्याही विषयावर पटेलसे बोलून अल्पज्ञांची वाहवा मिळवण्याची सोय तत्त्वज्ञान करून देते, हा त्याचा टोला तर आजच्या परीक्षार्थीलाही ओळखीचा वाटावा.

परंतु ही निराशा विषयाबद्दलची की मापदंडाबद्दलची, हे तपासले पाहिजे. याच भागात गणिताच्या निश्चिततेविषयीचा त्याचा आनंदही आला आहे. त्या मापाने मोजल्यास तत्त्वज्ञान अपुरे ठरणारच. शिवाय १६३८ मधील एका पत्रात, तत्त्वज्ञान ला फ्लेशपेक्षा चांगले अन्यत्र कोठेही शिकवले जात नाही, अशी ग्वाही तो देतो. तेव्हा केवळ ग्रंथावरून महाविद्यालयास दोषी ठरवणे घाईचे होईल.

त्याहून अर्थपूर्ण आहे ती पुढील घटना. वादांना विटलेल्या याच लेखकाने १६४१ मध्ये 'मेडिटेशन्स' प्रसिद्ध करताना आक्षेपांचे सहा संच व त्यांवरील आपली उत्तरे ग्रंथालाच जोडली. आक्षेप आणि उत्तर ही रीत जेझुइट वर्गातीलच. १६४२ च्या आवृत्तीतील सातवे आक्षेप तर पिएर बुर्दँ या जेझुइट अध्यापकाचे आहेत, आणि त्यांना उत्तर देताना देकार्तचा संयम सुटलेला दिसतो.