दुःखाची मीमांसा आणि दुःखिताची टिपणे

सी. एस. लुईस यांची ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ (१९४०) व ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ (१९६१) ही पुस्तके जोडीने वाचावीत, अशी पाळकांना व धर्मशिक्षकांना आमची आग्रहाची सूचना आहे. विषय एकच, परंतु पहिले पुस्तक विचारवंताचे आहे, तर दुसरे पत्नीवियोगाने होरपळलेल्या पतीचे.

देव प्रेमळ व सर्वसमर्थ असताना त्याच्या सृष्टीत वेदना का, हा पहिल्या पुस्तकातील प्रश्न. लुईस यांच्या मते देवाची प्रीती म्हणजे निव्वळ लाड नव्हे. ती माणसाला पालटू पाहते, आणि स्वतःतच रमलेल्या माणसाला वेदना जागे करते. बहिऱ्या जगासाठी वेदना हा देवाचा कर्णाच होय, ही त्यांची उपमा प्रसिद्धच आहे. मांडणी रेखीव आहे. आपला हेतू केवळ बौद्धिक अडचण सोडविण्याचा आहे, हेही लेखकाने प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे. ही मर्यादा विसरून तीच उपमा दफनविधीच्या उपदेशात योजिली, तर मात्र अनर्थ होतो. मूल गमावलेल्या मातेला असे काही ऐकविणे म्हणजे ईयोबाच्या मित्रांची री ओढणे होय. सात दिवस ते मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर खरे मित्र होते; स्पष्टीकरणे देऊ लागले, आणि अखेर देवाच्या कोपास पात्र ठरले.

जुलै १९६० मध्ये लुईस यांच्या पत्नी जॉय कर्करोगाने निवर्तल्या. त्यानंतरची टिपणे त्यांनी टोपणनावाने प्रसिद्ध केली. येथे कर्णा नाही, मौन आहे. धावा करणाऱ्याच्या तोंडावर दार लागल्याचा अनुभव ते लपवीत नाहीत. देव नाहीच, या शंकेपेक्षा देव निर्दय तर नसेल ना, हे भय त्यांना अधिक छळते. अशा लेखकाचा विश्वास ढळला, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते मान्य नाही. ८८ वे स्तोत्र अंधारातच संपते, तरीही ती प्रार्थनाच आहे. चौथ्या व अखेरच्या भागातही प्रश्नांना उत्तर मिळत नाही; परंतु ते मौन आता लोटून देणारे राहत नाही, त्यात करुणा जाणवू लागते.

तरीही या पुस्तकात एक उणीव आहे. त्यात पवित्र सहभागितेचा उल्लेख येतो, पण शोक वाटून घेणारी मंडळी जवळजवळ दिसतच नाही. शोकार्ताशी काय बोलावे, या संकोचाने लोक अवघडतात, अशी नोंद मात्र आहे. ती आपल्या मंडळ्यांनाही आरसा दाखविते. रडणाऱ्यांबरोबर रडावे, ही प्रेषित पौलाची शिकवण आपण उपदेशापुरतीच ठेविली आहे काय?

वधस्तंभ दुःखाचे कारण सांगत नाही. देव स्वतः दुःखात उतरला, एवढे तो दाखवितो. पुनरुत्थित प्रभूच्या देहावरही जखमांचे व्रण राहिले. ख्रिस्ती माणसाला दुःखात अर्थ सापडतो तो या सोबतीत, आणि ती सोबत शोकार्तापर्यंत पोहोचविणे हे मंडळीचे काम. म्हणून पहिले पुस्तक अभ्यासवर्गात शिकवावे, दुसरे पाळकाने एकांतात वाचावे, आणि शोकाकुल घरी जाताना दोन्ही मागे ठेवून केवळ स्तोत्रसंहिता सोबत घ्यावी.