शेवटच्या तीन मिनिटांचं शिसं

स्कुबा डायव्हर पारखायचा असेल तर त्याची उडी पाहू नये. डायव्ह संपत आल्यावर, पाच मीटर खोलीवर, दोरीपाशी तो कसा थांबतो ते पाहावं. वर येण्याआधी तिथं तीन मिनिटं थांबायचा प्रघात आहे. तोवर सिलिंडरमध्ये 50 बारच्या आसपास हवा उरलेली असते.

मुरुडेश्वरहून बोटीनं नेत्राणी बेटावर गेलो होतो, तेव्हा अशाच थांब्यावर मी एका बाईंना पाहिलं. वय साठीच्या पुढे, माहेर मालवणचं. आम्ही बाकीचे दोरीला धरून वरखाली होत होतो. त्या दोरीपासून हातभर दूर, आडव्या, घडी घातलेल्या हातांनी थांबल्या होत्या. हवा भरायचं जॅकेट रिकामं. पाय हलत नव्हते. श्वास घेतला की चारेक बोटं वर, सोडला की तेवढ्याच खाली. तीन मिनिटं एवढंच चाललं होतं आणि मला नजर काढवेना.

बोटीवर विचारलं, "काकू, शिसं किती लावता?"

"चार किलो. मागच्या वर्षी पाच होतं."

त्या एका किलोमागचा विचार मला नंतर कळला, आणि तेव्हापासून मी शिशाच्या वेट बेल्टकडे निव्वळ ओझं म्हणून पाहिलेलं नाही.

आर्किमिडीजचं तत्त्व आपण शाळेत शिकतो: बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं प्लावक बल. पण समुद्रात हा हिशेब क्षणोक्षणी बदलतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरचं आकारमान सुमारे 11 लिटर असतं. 200 बार दाबानं भरला की आत 2,200 लिटर हवा मावते. हवेला वजन असतं हे आपण विसरतो. ही हवा अडीच किलोहून जास्त भरते, आणि डायव्ह संपेपर्यंत तिच्यातले जवळजवळ दोन किलो आपण श्वासावाटे बुडबुड्यांत सोडून दिलेले असतात. म्हणून सुरुवातीला काटेकोर जुळलेला डायव्हर अखेरीस दोन किलोंनी हलका होतो आणि नेमका थांबायच्या वेळी वर ओढला जातो. शिसं निवडायचं ते या शेवटच्या तीन मिनिटांसाठी. सुरुवातीला थोडं जड वाटणार, तेवढी हवा जॅकेटमध्ये घ्यायची, आणि जसजसा सिलिंडर रिकामा होईल तसतशी ती सोडत जायची. काकूंचं जॅकेट शेवटी रिकामं होतं, त्याचं कारण हे. शेवट आधी ठरवून तिथून मागे सुरुवातीकडे यायचं, ही या रचनेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट.

चाचणीही किती साधी! सिलिंडर रिकामा होत आलेला असताना, जॅकेटमधली हवा काढून, नेहमीएवढा श्वास घेऊन पाण्यात उभं, स्तब्ध राहायचं. पाण्याची रेघ डोळ्यांशी यायला हवी. श्वास सोडला की डोकं अलगद पाण्याखाली जायला हवं. सिलिंडर भरलेला असताना चाचणी केली तर वर सुमारे दोन किलो धरायचे. तलावात जुळवलेलं शिसं समुद्रात पुरत नाही, कारण खारं पाणी गोड्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड. सगळ्या सामानासह शंभर किलो भरणाऱ्या माणसाला समुद्रात अडीच किलो जास्त लागतात.

मग लोक जास्तच का लावतात? भीतीपोटी, आणि घाईपोटी. हौशी पर्यटकाला पटकन खाली न्यायचं असतं, म्हणून पट्ट्यात आणखी दोन तुकडे ओवले जातात. माझ्या पहिल्या डायव्हला असंच झालं. मी तळावर गुडघे टेकून वाळू उधळत होतो आणि माझ्या फिन्सखाली काय चिरडलं गेलं असेल, या विचारानं आजही अस्वस्थ होतो. चार किलो शिसं जादा असेल तर ते तोलायला जॅकेटमध्ये चार लिटर हवा भरावी लागते. दहा मीटरवर दाब 2 बार असतो, पाच मीटरवर 1.5. तेवढं वर आलात की त्या चार लिटरची सव्वापाच लिटरहून जास्त हवा होते, म्हणजे सव्वा किलोहून अधिक जोर वर खेचू लागतो. जड माणूस असा अचानक हलका होतो आणि वर सुटतो. वेटसूटमध्येही बारीक वायूचे बुडबुडे असतात. खोलीवर ते दबतात, वर येताना फुगतात. त्यांचं काही करता येत नाही. जॅकेटमधला अनावश्यक फुगा मात्र आपल्या हातात असतो.

सुरुवातीच्या डायव्हर्सकडे ही जॅकेटं नव्हतीच. 1943 मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी ॲक्वालंग हे पाण्याखालचं श्वसनयंत्र घडवलं, त्यानंतर कित्येक वर्षं शिसं आणि फुप्फुसं एवढ्यावरच सगळं चालायचं. चूक झाकायला फुगा नसल्यानं वजन नेमकं निवडावंच लागे.

शिसं किती, याइतकंच ते कुठे, हेही महत्त्वाचं. काकूंनी ते रापणीवरून सांगितलं. किनाऱ्यावरून ओढायच्या या रापणीच्या जाळ्यात वरच्या दोरीला बोये असतात आणि खालच्या दोरीला वजन, म्हणून जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. "आपल्याला आडवं राहायचं असतं," त्या म्हणाल्या, "आणि सगळं शिसं कमरेला बांधलं तर आपणही जाळ्यासारखे उभे होतो." छातीत हवा, कमरेला शिसं, पाय खाली जाणारच. त्यांनी दोन किलो पट्ट्यातून काढून सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावरच्या खिशांत ठेवले होते. एवढ्यानं शरीर सरळ रेषेत आलं, पाण्याचा विरोध कमी झाला आणि हवाही कमी लागू लागली.

हे सगळं जमलं की उरतो श्वास. छातीत अर्धा लिटर हवा जास्त आली की अर्धा किलो हलकं झाल्यासारखं होतं. पण शरीर लगेच वर जात नाही, थोडा वेळ घेतं. त्यामुळे खडक समोर आल्यावर श्वास घेऊन उपयोग नाही, तो आधीच घ्यावा लागतो, आणि वर सरकू लागण्याआधीच सोडायला सुरुवात करावी लागते. रोखून मात्र कधीच धरायचा नाही. वर येताना छातीतली हवाही फुगते आणि फुप्फुसं फाटू शकतात. काकूंचं ते चार बोटं वर, चार बोटं खाली म्हणजे हाच न थांबणारा श्वास होता.

परतताना काकूंनी ओली वही काढून पेन्सिलीनं लिहिलं: समुद्र, 3 मिमी सूट, ॲल्युमिनियम, 4 किलो. मग थोडं थांबून पुढे: पुढच्या वेळी साडेतीन करून पाहायचे.